मास्तरणीची कहाणी

आमच्या घरात बायकांसाठी दोन प्रकारच्या कथा होत्या. एक कहाणी आणि दुसरी मासिकातली गोष्ट. कहाणी श्रावणात, उपास सोडायच्या आधी, मुठीत अक्षता धरून ऐकायची. गोष्ट दुपारी, भांडी पालथी घालून झाली आणि सासू आडवी झाली की ऐकायची. कहाणीतली बाई देवाला भ्यायची, राजाला भ्यायची, सवतीला भ्यायची, आणि शेवटी तिला मुलगा व्हायचा. मासिकातली बाई कुणालाच भीत नसे. तिच्याजवळ छत्री असे.

मी लग्न होऊन सोलापुरात आले ते एकोणीसशे तीसच्या अलीकडे-पलीकडे. त्या दिवसांतल्या लघुकथांत स्वतंत्र बाई ओळखायची खूणच छत्री होती. पहिल्या पानावर ती छत्री घेऊन रस्त्यानं चाललेली असे. दुसऱ्या पानावर तिला नोकरी लागे. चौथ्या पानावर तिला खोकला सुरू होई, आणि पाचव्या पानावर डॉक्टर येई. डॉक्टर तरुण असला तर लग्न, म्हातारा असला तर मरण. मला तर डॉक्टर दारात आला की त्याचे केस आधी बघायची सवय लागली होती. आमच्या सोलापुरात ऊन असं की छत्री खरं म्हणजे प्रत्येकीला हवी. पण आम्ही सगळ्या डोळ्यांवर पदर ओढून चालत होतो.

माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत. त्यांनी मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं होतं. सासरी ही गोष्ट पाहुण्यांना सांगताना लगेच पुढं जोडत, "पण भाकरी बडवायला येतात हो." माझे मालक गिरणीच्या हापिसात कारकून होते आणि एका मासिकाचे वर्गणीदार होते. मासिक आलं की ते आधी स्वतः वाचायचे, मग मी वाचायची आणि दुपारी बाकीच्यांना वाचून दाखवायची.

बाकीच्या म्हणजे दोघी. एक माझ्या वन्सं, आणि दुसरी शेजारची अक्का. अक्का तेलुगू विणकराच्या घरची. दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीनं मागावर बसायची आणि दुपारी पाठ मोकळी करायला आमच्याकडं यायची. मासिकातल्या बाईला नोकरी लागली की मी गहिवरून वाचायची, वन्सं श्वास धरून ऐकायच्या, आणि अक्का म्हणायची, "काम करती, पगार आणती, त्यात गोष्ट काय की? आमच्यात सगळेच करतेत. ते छत्री कुटून आणली ते सांगा." लेखक लोक छत्री कुठून आणली ते कधीच सांगत नसत.

आता वन्संबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरं तर ही त्यांचीच हकीकत आहे. वन्सं माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. त्यांचं लग्न मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः पारखून जमवलं होतं. मुलगा देखणा होता, गोरा होता, आणि त्याला नाटकाचा नाद होता. लग्नाला वर्ष झालं नाही तोच सोलापुरात एक नाटक कंपनी आली. जावई पहिल्या दिवशी नाटक बघायला गेला, दुसऱ्या दिवशी परत तेच बघायला गेला, आणि कंपनीनं मुक्काम हलवला तेव्हा तिच्याबरोबर तोही हलला. नंतर कुणी सांगे तो पडदा ओढतो, कुणी सांगे भालदाराचं काम करतो. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, भालदार जास्त पटायचा, कारण त्यात डोक्याला पगडी तरी होती.

त्याच्या घरच्यांनी वन्संना माहेरी आणून घातलं. तेव्हापासून वन्सं गळ्यात मंगळसूत्र घालून आईच्या घरी डाळ निवडत होत्या. धड सासुरवाशीण नाही, धड माहेरवाशीण नाही. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही असा प्रश्न आळीतल्या बायकांना पडे, आणि उत्तर सापडेपर्यंत हळदीकुंकू होऊन जाई. मी आल्यावर दुपारी त्यांना शिकवायला लागले. करमणूक म्हणून सुरुवात केली. पण बाई हुशार निघाली. सातवीच्या परीक्षेला बसली आणि माझ्यापेक्षा वरच्या नंबरानं पास झाली. मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला.

मग मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई एकदा आमच्या घरी येऊन गेल्या. पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला वन्संना जागा मिळेल, राहायची सोय तिथंच, फक्त श्रावण संपायच्या आत हो की नाही ते कळवा, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याही हातात छत्री होती. वन्सं ती छत्री दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडंच बघत होत्या.

आत्याबाईंनी बाईंना चहा दिला, कुंकू लावलं, आणि त्या गेल्यावर एकच विचारलं. "आणि जावई आला तर?"

हा प्रश्न आमच्या घरात जुनाच होता. दिवाळीला नवा सदरा शिवायचा झाला तरी जावई आला तर एक असावा म्हणून जादा शिवायचा. कुठं गावाला जायचं झालं तरी कुणीतरी घरी थांबायचं, कारण जावई आला तर कुलूप दिसेल. मामंजींनाही हे बरंच होतं. लेकीला ट्रेनिंगला धाडणं म्हणजे आपण पारखलेला मुलगा खोटा निघाला, हे पेठेत जाहीर करणं. ते कोर्टात कारकून होते. निकाल लागत नाही तोवर कुणी हरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वन्सं भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त जेवण कमी केलं आणि डाळीतले खडे राहू द्यायला लागल्या. मी रात्री मालकांपाशी बोलले. ते म्हणाले, "आईला कोण सांगणार?" आणि कूस बदलून झोपले. गिरणीत दोन हजार माणसं होती, त्यातलं एकही आमच्या आत्याबाईंना सांगायला आलं नसतं, हेही खरं.

जावई परत यावा म्हणून आत्याबाई दर श्रावणात सोमवार धरायच्या. दिवसभर कडक उपास, आणि दिवेलागणीला कहाणी ऐकून मग जेवण. कहाणी ऐकायचे नियम असे: रिकाम्या मुठीनं ऐकायची नाही, मधे उठायचं नाही, आणि संपली की अक्षता देवावर टाकायच्या. अक्षता टाकल्या म्हणजे ऐकलेलं अंगाला लागलं. कहाण्यांची पोथी त्या वर्षी आत्याबाईंची बहीण पंढरपूरला घेऊन गेली होती, म्हणून मी तोंडपाठ सांगत होते. मला सोमवारच्या दोनच यायच्या. पहिल्या सोमवारी एक झाली, दुसऱ्या सोमवारी दुसरी झाली. तिसऱ्या सोमवारी मी पुन्हा पहिली सुरू केली, तर आत्याबाई म्हणाल्या, "हीच कशी काय पुन्हा? देवाला बी पाठ झाली की आता. दुसरी सांग."

आता दुसरी कुठून आणू? त्यात त्या दुपारी मी भयंकर चिडलेली होते. नव्या मासिकात एक गोष्ट आली होती. नवरा टाकून गेलेली एक बाई पाटल्या मोडून शिकते, मास्तरीण होते, मान मिळवते. खोकलासुद्धा होत नाही तिला. मी वाचता वाचता हरखून गेले. आणि शेवटच्या परिच्छेदात तो नवरा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो, तर ही छत्री गटारात फेकते, त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, नाथ, माझं खरं शिक्षण आज पूर्ण झालं. इतकी पानं चढवत नेलेली बाई एका ओळीत खाली लोटली होती त्या लेखकानं. मासिक चुलीत घालावंसं वाटलं मला. वन्संना मी ती गोष्ट वाचून दाखवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाले.

तेव्हा डोक्यात ती एकच गोष्ट होती. आत्याबाई, वन्सं आणि अक्का मुठी मिटून बसलेल्या, देवापुढं समई, आणि बाहेरच्या खोलीतून मामंजींचा आवाज, "उरका, भात निवतोय." मी तोंड उघडलं आणि बोलून गेले, "आटपाट नगर होतं, त्याचं नाव पुणं."

आत्याबाईंनी मान डोलावली. पुण्यात देव पुष्कळ आहेत हे त्या ऐकून होत्या.

मग मी थांबलेच नाही. तिथं एक बाई होती, तिचा नवरा देशांतराला गेला. तिनं वाट बघितली, उपास केले, डाळ निवडली. वन्संनी इथं माझ्याकडं चमकून बघितलं. आत्याबाई मधेच म्हणाल्या, "देव कुटं हाय ह्यात?" तेव्हा मी घाईघाईनं शंकर-पार्वतींना टांग्यात बसवून त्या रस्त्यानं आणलं. पार्वतीनं टांगा थांबवला. बाईनं विचारलं, कसला वसा घेऊ? पार्वती म्हणाली, बाई बाई, वसा कठीण आहे. पहाटे उठावं, अंघोळ करावी, भूगोल पाठ करावा. दुसऱ्यांच्या लेकींना बाराखडी द्यावी. उतू नये, मातू नये, सुट्टीवाचून घरी येऊ नये. बाईनं वसा घेतला. ती मास्तरीण झाली. तिच्या डोक्यावर छत्र आलं.

"आणि नवरा?" आत्याबाईंनी विचारलं.

मी समोर बघितलं. वन्संची मूठ इतकी घट्ट होती की बोटं पांढरी झाली होती. "नवरा आला," मी म्हणाले. "तिनं त्याला पाट दिला, पाणी दिलं, गोडाधोडाचं जेवू घातलं. हातावर निरोपाचा विडा ठेवला. आणि आपल्या कामाला निघून गेली. जशी तिला पार्वती पावली तशी तुम्हांआम्हां पावो."

आत्याबाईंनी डोळे मिटून अक्षता टाकल्या. वन्संनी टाकल्या. अक्कानं टाकल्या आणि उठता उठता म्हणाली, "हे बरं झालं की. जेवून गेला."

जेवायला बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. देवाच्या कामात मी मासिक मिसळलं होतं. भांडी आवरताना मी आत्याबाईंना सांगून टाकलं, की ही कहाणी नव्हे, मासिकातली गोष्ट आहे आणि मी ती वळवून सांगितली. त्यांनी ताक ढवळता ढवळता माझ्याकडं बघितलं. "अक्षता टाकल्यावर काय गोष्ट आन् काय कहाणी. आता ते अंगाला लागलं की."

आणि त्या खऱ्याच काळजीत पडल्या. वसा ऐकून घेतला, आता तो वसायचा कुणी? सकाळी मला घेऊन त्या पेठेतल्या महादेवाच्या देवळात गेल्या आणि पुजाऱ्याला विचारलं, "मास्तरणीची कहाणी ऐकली, तर वसा धरावा लागतो काय?"

"कुठली म्हणालात?"

"मास्तरणीची."

पुजारीबुवा बेलाची पानं पुसत होते. त्यांनी आणखी एक पान पुसलं. ठाऊक नाही असं म्हणायची त्या माणसाला आयुष्यात सवय नव्हती. "हां, ती होय," ते म्हणाले. "फार जुनी. हल्ली कुणी सांगत नाही. घेतला वसा टाकू नये बघा." मी देवळाच्या खांबाआड तोंड लपवलं. हसू आवरत नव्हतं, आणि अंगावर काटाही आला होता.

घरी येऊन आत्याबाईंनी वशाची वाटणी मांडली. त्या स्वतः अक्षरशत्रू. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, मी माग सोडलं तर घरात काय खातेत? मला तेव्हा पाचवा महिना होता. राहिलं कोण? आत्याबाई वन्संपाशी गेल्या. वन्सं पाटावर बसून गहू पाखडत होत्या. आत्याबाई त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भूगोल येतो काय तुला?"

"येतो," वन्सं म्हणाल्या.

"मग जा बाई. देवाशी वाकडं नको." आणि पदरानं डोळे पुसून त्या परसात निघून गेल्या. पेठेत लोक काय म्हणतील असा आक्षेप मामंजींनी घेतला, पण पार्वतीपुढं त्यांचं काय चालणार? श्रावण संपायच्या आत मालक जाऊन शाळेत होकार सांगून आले. ट्रंक आली, दोन नवी लुगडी आली. वन्सं पुन्हा नीट जेवायला लागल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घोटाळा झाला. मामंजींना मासिकातल्या गोष्टी आवडत नसत. म्हणून ते मासिक मागच्या जाहिरातींपासून वाचायला घेत आणि उलटं येत येत चुकून गोष्टीपाशी थांबत. त्या संध्याकाळी ते असेच थांबले. सोमवारची माझी कहाणी त्यांनी बाहेरच्या खोलीतून ऐकलेली होती, त्यामुळं वाचता वाचता त्यांची पाठ ताठ झाली. चष्मा सारखा करून ते थेट स्वयंपाकघराच्या दारात आले आणि कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात म्हणाले, "ऐका. अस्सल इथं आहे."

आणि त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला. फाटक, नवरा, गटारातली छत्री, पायांवरचं डोकं, नाथ, खरं शिक्षण. सगळं. मासिक मिटून ते म्हणाले, "सूनबाईनं दिली ती नक्कल, आणि नक्कल अस्सलाशी जुळत नाही. तेव्हा वसाबिसा सगळं रद्दबातल. मुलीनं नवऱ्याची वाट बघावी, हेच यात म्हटलंय."

वन्सं वळकटी बांधत होत्या, त्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली. आत्याबाई वाटेसाठी दशम्या करत होत्या. तव्यावरची दशमी त्यांनी उलटली, दाबली, खाली काढली. मग विचारलं, "हे कुणी लिवलंय?"

"आहेत एक गृहस्थ. चांगले लेखक आहेत."

"मग पुढं काय झालं?"

"पुढं काय व्हायचंय? ती पाया पडली. गोष्ट संपली."

"तितं न्हाय संपत," आत्याबाई म्हणाल्या. त्या तव्याकडंच बघत होत्या. "मी बी पडले हुते. ह्येच घर. थोरला पोटात हुता. तुमी मला म्हायेरी घालवली आन् वरसभर विचारलं न्हाय. मग थोरल्याला कडेवर घेऊन मी आपल्या पायानं आले आन् हितं उंबऱ्यात तुमच्या पाया पडले. तुमी पाय मागं घेतला. ध्यानात हाय काय तुमच्या?"

मी लग्न होऊन आल्यापासून ही गोष्ट घरात कधी ऐकली नव्हती. थोरला म्हणजे माझे मालक, त्यांनीही ती ऐकली नसावी. ते बाहेरच्या खोलीत खोकले.

"पाया पडल्याव माणूस उठून उभं ऱ्हातं," आत्याबाई म्हणाल्या. "पुढचे सगळे दीस काढावं लागत्यात त्याला. ते त्या गृहस्थाला ठावं न्हाय. सूनबाईची कहाणी मी ऐकली, ती माझी. हे ठेवा तिकडं."

मामंजी उभेच होते. मग ते मासिक कोनाड्यात ठेवून आले आणि वन्संना हळूच विचारलं, "फिरकीचा तांब्या घेतलास का? वाटेत पाणी लागेल." वन्संनी मान डोलावली आणि दोरीची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनावर गेलो. सोबतीला त्याच मुख्य बाई होत्या. अक्कासुद्धा माग थांबवून आली होती, तिनं वन्संच्या हातात एक जुनी छत्री दिली, एक काडी मोडकी, आणि म्हणाली, "आता कुणी विचारलं तर सांगा, सोलापुरातून आणली." वन्सं हसल्या, डब्यात चढल्या आणि खिडकीशी बसल्या. गाडी सुटायची वेळ झाली तसं त्यांचं हसू गेलं. त्यांनी गजातून हात काढून आईचा हात धरला. इतकी वर्षं जो प्रश्न आत्याबाईंनी विचारला तो आज वन्संच्याच तोंडून आला.

"आई, आणि ते आले तर?"

मला वाटलं, झालं. आता आत्याबाई रडतील, ट्रंक खाली उतरेल आणि आम्ही सगळे घरी जाऊन डाळ निवडू. आत्याबाईंनी लेकीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि तिची बोटं गजाच्या आत सारली.

"आला तर जेवायला वाढीन," त्या म्हणाल्या. "पर वाट न्हाय बघायची त्याची. मला दोगांची वाट बघणं जमायचं न्हाय बाई. आता तुझी बघती."

गाडी हलली. आत्याबाई शेवटचा डबा जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मग पदर सावरून माझ्याकडं वळल्या आणि पुण्याला दिवाळीची सुट्टी कधी लागते, ते विचारलं.